एकाच पेटींत दोन चितारी

दिवाळी आठ दिवसांवर आली म्हणजे आमच्या घरांत साफसफाईची जी धांदल उडते, तींत माझ्या वांट्यास दोन कामें येतात. माळ्यावरच्या पोथ्यांना ऊन दाखविणें हें एक, आणि माजघराशेजारच्या खोलींतील संगणकाची धूळ झाडणें हें दुसरें. पहिलें काम मी चाळीस वर्षें करीत आलों आहें. त्यांत आजवर कांहीं मोडलें नाहीं. दुसरें काम २०२४ सालच्या दिवाळीपूर्वीं मीं केलें आणि त्यापायीं घरांतील एक निरपराध मुलगा पंधरा दिवस अपराधी ठरला. ती हकीकत सांगावी, आणि तिच्या अनुषंगानें, ज्यांच्या घरीं असलें यंत्र आहे त्यांच्या उपयोगीं पडेल अशी थोडी माहिती द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें कुटुंब एकत्र आहे आणि संगणकही सर्वांचा एकच आहे. सूनबाई इमारतींचे आराखडे काढण्याचें काम करतात; आठवड्यांतले तीन दिवस त्या घरीं बसूनच तें उरकतात. धाकट्या बंधूंचा मुलगा अकरावींत आहे. त्याचा अभ्यास या यंत्रावर होतो, आणि अभ्यास झाल्यावर, क्वचित् आधींही, खेळ होतात. मी संध्याकाळीं एखादें कीर्तन अगर व्याख्यान ऐकतों, इतकाच माझा संबंध. सूनबाईंच्या कामासाठीं तीन वर्षांपूर्वीं त्यांत एक स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलें होतें.

धूळ झाडण्यासाठीं मीं पेटी, म्हणजे ज्याला बाजारांत कॅबिनेट म्हणतात तें, उघडलें. कार्डाला जोडलेली एक जाड वायर कुंचल्याच्या आड येत होती ती काढली, धूळ साफ केली, आणि वायर पुनः लावली. निदान लावली असें मला त्या वेळीं वाटलें. संध्याकाळीं यंत्र सुरू केलें तों पडद्यावर चित्र नाहीं. आमच्या पुतण्यानें पेटीच्या मागें वांकून मॉनिटरची केबल एका ठिकाणाहून काढून दुसऱ्या ठिकाणीं खोंचली, आणि चित्र आलें. सर्वांनीं निःश्वास टाकला. दुसऱ्या दिवशीं मात्र सूनबाईंचे आराखडे गोगलगाईच्या गतीनें हलूं लागले. कंप्युटर दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांस बोलाविलें. त्यांनीं यंत्रांतल्या उपकरणांची यादी पडद्यावर काढली, तींत कार्डाचें नांवच नव्हतें. "कार्ड जळालें आहे," त्यांनीं निदान केलें, "खेळून खेळून तापलें असेल. नवें बावीस हजारांपर्यंत जाईल."

झालें! दोनच दिवसांपूर्वीं रात्रीं साडेबारा वाजतां हा मुलगा खेळतांना सांपडला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गांठ पडली आणि कावळ्यास शिक्षा झाली. त्याचें यंत्रावर बसणें बंद झालें. त्याच्या सायकलीसाठीं बाजूस ठेवलेले पैसे कार्डाकडे वळवावे असें ठरलें. तो एकच वाक्य बोलत राहिला: "काका, मीं फक्त केबल बदलली." मीं अडतीस वर्षें वर्गांतल्या भांडणांचे निवाडे केले, दोन्ही बाजू ऐकल्याखेरीज कोणाच्या हातावर छडी मारली नाहीं. परंतु घरच्या मुलाच्या बाबतींत मला तेवढीही सबुरी राहिली नाहीं. उलट संयमावर मीं त्यास एक लहानसें व्याख्यान दिलें. मुलाची दिवाळी तशीच गेली.

पण तें वाक्य माझ्या मनांत घर करून राहिलें. केबल बदलल्यावर चित्र आलें. कार्ड मेलें असेल तर हें चित्र काढलें कोणीं?

संगणकाच्या पडद्यावर दिसणारें चित्र स्थिर भासलें तरी तें कोणीतरी सारखें काढीत असतें; साधा मॉनिटर सेकंदास साठ वेळां नवें चित्र मागतो. हें काम करणारा चितारी दोन ठिकाणीं राहूं शकतो. एक प्रोसेसरच्या पोटांतच राहतो. त्यास ऑनबोर्ड किंवा इंटिग्रेटेड ग्राफिक्स म्हणतात. दुसरा स्वतंत्र पाटीवर वेगळें बिऱ्हाड करतो. तें ग्राफिक्स कार्ड. (त्यास 'चित्रपट्ट' असा शब्द मीं योजून पाहिला होता. परंतु दुकानांत जाऊन तो उच्चारल्यास दुकानदार चित्रपटगृहाची वाट दाखवील, असें सूनबाईंचें मत पडल्यामुळें सोडून दिला.) घरच्या चिताऱ्यास स्वतःची कोठी नसते. तो सामाईक कोठींतून, म्हणजे संगणकाच्या मुख्य रॅममधून, आपला शिधा घेतो. डीडीआर-४ जातीच्या, ३२०० वेगाच्या रॅमची एक कांडी सेकंदास फार तर २५.६ गिगाबाइट मजकूर पुरवूं शकते; दोन कांड्या योग्य स्लॉटांत असल्या तर ५१.२; आणि तेवढ्यांत प्रोसेसर व चितारी या दोघांनाही भागवावें लागतें. ज्यांचा कारभार केवळ ऑनबोर्डवर चालतो त्यांनीं एका मोठ्या कांडीऐवजीं दोन सारख्या लहान कांड्या घ्याव्या, हें येथें जातां जातां सांगून ठेवतों. स्वतंत्र कार्डाची गोष्ट निराळी. त्याची रॅम स्वतःची, पंखा स्वतःचा, आणि विजेची भूकही स्वतःची.

दोन चिताऱ्यांची ही सोय आजकालची नव्हे. आयबीएम कंपनीनें १९८१ सालीं आपला पहिला पर्सनल कंप्युटर काढला तेव्हां त्यासाठीं दोन तऱ्हेचीं कार्डें मिळत: एक केवळ अक्षरांचें, दुसरें रंगीत चित्रांचें. दोघांचे स्मृतींतले पत्ते वेगळे ठेवलेले असल्यामुळें दोन्ही कार्डें एकाच यंत्रांत बसवून दोन पडद्यांवर चालवितां येत. पुढें १९९९ सालीं इंटेलच्या ८१० या चिपसेटमध्यें चित्रकाम मदरबोर्डावरच आलें. आणि जानेवारी २०११ मध्यें निघालेल्या सँडी ब्रिज प्रोसेसरांत तर प्रोसेसर आणि चितारी सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर नांदूं लागले. त्या दोघांचें जमलें तरी घरच्या व बाहेरच्या चिताऱ्यांचें जमण्यास वेळ लागला. २००७ च्या विंडोज व्हिस्टामध्यें नव्या पद्धतीचे दोन निरनिराळे ड्रायव्हर एका वेळीं चालत नसत. ती अडचण २००९ च्या विंडोज ७ नें दूर केली.

या माहितीपैकीं पुष्कळशी मला तेव्हां नव्हती. मजजवळ होती ती मदरबोर्डाची पुस्तिका. सूनबाईंनीं ती मूळ खोक्यासकट कपाटांत जपून ठेविली होती. माझें इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचें. तथापि टीकाग्रंथ वाचावयाची संवय असल्यामुळें हातांत पेन्सिल घेऊन ती पुस्तिका मीं दोन दुपारींत वाचून काढली. तींत पेटीच्या पाठीचें चित्र होतें. तें पाहिल्यावर पहिला उलगडा झाला. कीबोर्ड व माऊस जेथें जोडतात त्या उभ्या पट्टींत मॉनिटरसाठींही पोर्ट असतें. तें मदरबोर्डाचें, म्हणजे घरच्या चिताऱ्याचें. त्याच्या बऱ्याच खालीं आडव्या पट्टींत जीं पोर्टें असतात तीं कार्डाचीं. मुलानें केबल खालून काढून वर लावली होती. कार्डाकडून चित्र येईना म्हणून त्यानें घरच्या चिताऱ्यास कामाला लाविलें. त्यानें केलें तें बरोबर केलें. केवळ त्यामुळेंच पंधरा दिवस आमचें यंत्र चाललें.

आतां प्रश्न राहिला कार्डाचा. कारण ठरविण्याची न्यायशास्त्राची रीत अन्वय-व्यतिरेकाची आहे. अमुक असलें म्हणजे कार्य होतें, आणि तें नसलें म्हणजे होत नाहीं. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय अमुक हें कारण म्हणूं नये. मुलगा रात्रीं खेळला, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं सूनबाईंचें काम यथास्थित चाललें होतें. मग मीं धूळ झाडली आणि संध्याकाळीं चित्र गेलें. म्हणजे मध्यें घडलेली गोष्ट एकच, आणि ती करणारा हात माझा! हा विचार मनांत आला तेव्हां रात्रीचे दहा वाजले होते, आणि नवें कार्ड आणण्याचा दिवस दोन दिवसांवर होता.

घर निजल्यावर मीं पेटी पुनः उघडली. आधीं भिंतींतली पिन काढली. मग पेटीचें बटण कांहीं क्षण दाबून धरलें, म्हणजे आंत उरलेली वीज खर्ची पडते. आणि लोखंडी सांगाड्यास हात लावला, म्हणजे आपल्या अंगावरची स्थिर विद्युत् निघून जाते. या तीन गोष्टी केल्यावांचून कोणीं आंत बोट घालूं नये. कार्डास त्याच्या स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. ज्याची भूक याहून मोठी, त्यास एसएमपीएसपासून निराळी वायर द्यावी लागते; सहा टोंकांच्या जोडणीनें आणखी ७५ वॅट मिळतात, आठ टोंकांच्या जोडणीनें १५०. माझी जोडणी सहा टोंकांची होती आणि ती अर्धीच आंत गेलेली होती. तिच्या डोक्यावर एक बारीकशी कडी असते. ती अडकल्याचा 'टक्' असा आवाज व्हावयास पाहिजे. कांहीं कार्डें विजेची वायर नसल्यास पडद्यावर तशी सूचना देतात. आमच्यानें दिली नाहीं. तें नुसतें गप्प बसलें, आणि म्हणून यादींत त्याचें नांव नव्हतें. जाग्यावर नसलेल्यास मेलेला समजण्याची चूक हजेरी घेणाऱ्या मास्तराच्या हातूनही होते. दुरुस्तीवाल्या गृहस्थांस मी दोष देत नाहीं.

मीं अंगठ्यानें दाबलें. टक् झालें. (येथें एक धोक्याची सूचना. प्रोसेसरला वीज देणारी आठ टोंकांची जोडणी कार्डाच्या आठ टोंकांच्या जोडणीसारखी दिसते, पण तिची रचना वेगळी आहे. सहज जात नसेल तेथें बळ करूं नये.)

पिन लावून बटण दाबलें. कार्डाचा पंखा फिरूं लागला, आणि पडदा काळा! पंधरा दिवस वरच्या पोर्टांतून येणारें चित्रही गेलें. 'नो सिग्नल' अशीं अक्षरें क्षणभर तरळलीं आणि तींही मावळलीं. मला घाम फुटला. आतां घरचा चितारीही मीं मारला अशी माझी खात्री झाली. सकाळीं दहाला सूनबाईंचें काम होतें.

पुस्तिका पुनः उघडली तेव्हां ज्या ओळीखालीं मीं स्वतःच पेन्सिलीची रेघ ओढली होती तीच समोर आली. पाणिनीच्या व्याकरणांत दोन नियम एकाच ठिकाणीं लागूं पडले तर कोणीं हटावें याची व्यवस्था लाविलेली आहे. सामान्य नियम तो उत्सर्ग, विशेष नियम तो अपवाद. अपवाद जेथें उभा राहतो तेथून उत्सर्ग मुकाट्यानें निघून जातो. मदरबोर्डाच्या बायॉसमध्यें नेमकी हीच व्यवस्था असते. चित्र कोणीं काढावें ही निवड तेथें बहुधा 'ऑटो' अशी ठेवलेली असते, आणि तिचा अर्थ पुष्कळ मदरबोर्डांत असा, कीं कार्ड हजर नसेल तर घरच्या चिताऱ्यानें काम करावें, आणि कार्ड हजर झालें कीं त्यानें थांबावें. माझ्या अंगठ्याखालीं टक् झालें तेव्हांच कार्ड हजर झालें होतें, म्हणून वरचें पोर्ट विझलें. काळा पडदा हें दुरुस्ती साधल्याचें चिन्ह होतें! मीं केबल वरून काढून खालीं लावली, आणि रात्रीं पावणेबारा वाजतां चित्र आलें.

पडदा काळा झाला म्हणून ज्यांनीं धडधाकट कार्डें काढून परत केलीं असतील, अशांची मला आतां दया येते. तेव्हां चित्र नाहींसें झालें तर प्रथम केबल कोणत्या पट्टींत आहे तें पाहावें, मग मॉनिटरचें स्वतःचें बटण दाबून त्यानें कोणत्या मार्गाकडे कान लाविला आहे तें पाहावें, मग कार्ड स्लॉटांत शेवटपर्यंत बसून टोंकाची खिटी लागली आहे कीं नाहीं तें, आणि नंतर विजेची जोडणी. हें सर्व झाल्यावर पैशाचा विचार.

दोघेही चितारी एका वेळीं राबवावयाचे असतील तर तेंही करतां येतें. यंत्र सुरू होतांना डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबीत राहिलें म्हणजे बहुतेक मदरबोर्डांत बायॉस उघडतो. तेथें 'आयजीपीयू मल्टि-मॉनिटर' किंवा तत्सम नांवाची एक निवड असते. ती चालू करावी, आणि 'प्रायमरी डिस्प्ले' कार्डाकडे ठेवावा. भलतीच निवड होऊन पडदा अंधारला तर मुख्य वीज काढून मदरबोर्डावरील रुपयाएवढी सीआर-२०३२ जातीची बॅटरी थोडा वेळ बाहेर ठेवावी. सर्व निवडी मूळपदावर येतात, घड्याळ मात्र पुनः लावावें लागतें.

पुढचें काम विंडोजमध्यें. डिव्हाइस मॅनेजर या यादींत 'डिस्प्ले अडॅप्टर्स' खालीं दोघांचीं नांवें दिसावयास हवींत. त्यांपैकीं एकाच्या जागीं 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असें लिहिलेलें आढळलें, तर चितारी आहे पण त्याची भाषा यंत्रास येत नाहीं, म्हणजे ड्रायव्हर बसलेला नाहीं, असें समजावें. नांवापुढें पिवळें चिन्ह व आंत ४३ हा आंकडा दिसला, तर उपकरणानें बिघाड कळविल्यामुळें विंडोजनें तें थांबविलें आहे. अशा वेळीं जुना ड्रायव्हर साफ काढून नवा घालून पाहावा. कार्ड टाकून देण्याची घाई करूं नये. आणि ड्रायव्हर दोघांचेही घालावे. लोक कार्डाचा घालतात आणि घरच्याचा विसरतात.

दोघे हजर असून काम मंद चालतें, अशीही एक तक्रार असते. विंडोज १० च्या एप्रिल २०१८ च्या सुधारणेपासून कोणतें काम कोणीं करावें हें कामवार नेमून देतां येतें. सेटिंग्जमध्यें सिस्टीम, त्यांत डिस्प्ले, त्यांत ग्राफिक्स. तेथें आराखड्यांच्या प्रोग्रामपुढें 'हाय परफॉर्मन्स' निवडलें कीं तें काम कार्डाकडे जातें. टास्क मॅनेजरमध्यें कोणता चितारी किती राबत आहे याचे आलेखही निरनिराळे दिसतात. माऊसचा बाण कडेला जाऊन गडप होत असेल तर यंत्र एखादा अस्तित्वांत नसलेला दुसरा पडदा धरून चाललें आहे. विंडोजची कळ व पी एकत्र दाबून त्याची समजूत घालावी.

आमच्याकडे आतां जुना मॉनिटर वरच्या पोर्टास लावला आहे. माझें कीर्तन त्यावर चालतें आणि आराखडे मोठ्या पडद्यावर. तरी माझें मत विचाराल तर, ज्यांच्या घरीं पडदा एकच आहे त्यांनीं 'ऑटो' निवड हलवूं नये. दोघांस विनाकारण जागें ठेवण्यांत लाभ नाहीं.

ही विद्या अंगीं आल्यावर मी शेजाऱ्यांच्या उपयोगीं पडावयास निघालों, आणि पहिल्याच घरीं फजीत झालों. तेथें कार्ड काढून केबल वर लावली, पुस्तिकेप्रमाणें सर्व केलें, पण चित्र येईना. पुढें कळलें कीं इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नांवाअखेर एफ हें अक्षर असतें त्याच्या पोटांत चितारीच नसतो. एएमडीच्या रायझन प्रोसेसरांतही २०२२ सालीं ७००० ही मालिका निघेपर्यंत, ज्यांच्या नांवांत जी हें अक्षर नाहीं अशा बहुतेकांत तो नव्हता. पोर्ट असतें तें मदरबोर्डाचें. त्यामागें कोणी बसलेला आहे कीं नाहीं हें प्रोसेसरवर अवलंबून. एका अक्षराच्या फरकानें अर्थ फिरतो हें मीं मुलांना जन्मभर शिकविलें, आणि खोक्यावरचें अक्षर वाचावयास विसरलों.

त्या रात्रीनंतरची गोष्ट सांगावयाची राहिली. सकाळीं चहाला सर्व मंडळी जमलीं असतां मीं दादांसमोर आणि सूनबाईंसमोर सांगितलें, कीं कार्ड जळालेलें नव्हतें, वायर माझ्या हातून अर्धी राहिली होती, आणि मुलाचा कांहीं एक अपराध नव्हता. कोणी कांहीं बोललें नाहीं. पुतण्यानें बशींतला चहा संपविला आणि म्हणाला, "काका, मीं तेव्हांच म्हटलें होतें." मीं म्हटलें, "म्हटलें होतेंस. मीं ऐकलें नाहीं." त्या रविवारीं त्याची सायकल आली.

२०२५ च्या दिवाळीपूर्वीं धूळ झाडण्याचें काम त्याच्याकडे गेलें. मी शेजारीं स्टुलावर बसून बॅटरीचा उजेड धरला होता. त्यानें वायर काढली, कुंचला फिरविला, वायर परत लावली. टक् असा आवाज झाला, आणि तो ऐकूं आला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यानें मान वळवून माझ्याकडे पाहिलें.